विद्यार्थ्याचे ताट

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. सकाळची मिस्सा नुकतीच संपली होती. गायकवृंदातील मुले पेटी आणि तबला आवरीत होती आणि आम्ही साक्रिस्तीतून बाहेर पडत होतो. इतक्यात बाकांच्या रांगेत गलका झाला. गायकवृंदातील एक मुलगी उभ्याउभ्याच खाली कोसळली होती. पाणी शिंपडले, कुणीतरी साखर आणली, ती शुद्धीवर आली. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी रक्त तपासले आणि म्हणाले, "फादर, हिला आजार काही नाही. ही मुलगी जेवत नाही."

ती उत्तर महाराष्ट्रातील एका आदिवासी पाड्यावरून महाविद्यालयीन शिक्षणासाठी आलेली. आमच्या धर्मग्रामाच्या हद्दीत तीन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या खोलीत राहणारी. खोलीत स्वयंपाक करण्यास घरमालकाची मनाई. डबा लावला होता. पण तो एकच, दोघींत वाटून घ्यायचा. रविवारी डबा बंद. शनिवारी रात्री चहा आणि बिस्किटे, रविवारी मिस्सेपूर्वी काहीच नाही. हे सारे तिने आम्हांला खाली मान घालून सांगितले, जणू काही अपराध तिचाच होता. दहा महिने ती आमच्या गायकवृंदात गात होती. तिचा आवाज गोड आहे, असे आम्ही सर्वांनी तिला सांगितले होते. "बाळ, तू जेवतेस कुठे?" हा प्रश्न मात्र आम्हांपैकी एकानेही विचारला नव्हता. त्यात आम्हीही आलो.

हल्लीच्या मुलांना घरचे अन्न नको, बाहेरचे चमचमीत हवे, अशी तक्रार आपल्या घराघरांतून ऐकू येते. खोटे कशाला बोलावे, व्यासपीठावरून आम्हीही ती केली आहे. परंतु त्या रविवारनंतर आम्ही थोडे मागे वळून पाहिले, जुनी चरित्रे पुन्हा उघडली, आणि एक गोष्ट ध्यानी आली. विद्यार्थी काय खातो हे त्याच्या जिभेवर फारसे अवलंबून नसते. तो कुठल्या छपराखाली राहतो, त्या छपराखाली चूल आहे की नाही, आणि ताटावर त्याच्या शेजारी कोण बसते, यावरच ते ठरत आले आहे. आपल्या महाराष्ट्रात तर या प्रश्नाने कोण काय खाणार एवढेच ठरविले नाही. कोण शिकणार आणि कोण शिकणार नाही, हेही ठरविले.

माधुकरी आणि वार

१८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. पुढच्या काही दशकांत मुंबई, पुणे, कोल्हापूर या शहरांतील शाळा-महाविद्यालयांकडे खेड्यापाड्यांतून मुले येऊ लागली. फीची सोय एखादी शिष्यवृत्ती मिळवून होई; पण दोन वेळच्या जेवणाचे काय? त्या काळी गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यापुढे दोन वाटा होत्या. एक माधुकरीची. मधुकर म्हणजे भ्रमर. भ्रमर जसा फुलाफुलांतून थोडा थोडा मध घेतो, तसे विद्यार्थ्याने दारोदार जाऊन शिजलेले अन्न थोडे थोडे गोळा करायचे. दुसरी वाट वाराची. आठवड्याचे सात वार सात घरी लावायचे. सोमवारी एका वकिलाकडे, मंगळवारी एखाद्या भटजींकडे, बुधवारी दूरच्या नातलगाकडे. एखादा वार लागला नाही तर त्या दिवशी एकादशी घडे. "अमक्याने वार लावून शिक्षण केले" हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला तो यातूनच.

या व्यवस्थेने कित्येक बुद्धिमान मुलांना तारले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. अनोळखी मुलासाठी आठवड्यातून एकदा पाट मांडणाऱ्या त्या गृहिणींची नावे कुठल्याही इतिहासात नाहीत. पण वाराच्या जेवणाची स्वतःची एक शिस्तही होती आणि एक डंखही होता. वाराच्या मुलाने आवडनिवड बोलून दाखवायची नसते; वाढतील ते, वाढतील तेव्हा आणि वाढतील तेवढे घ्यायचे असते. पुन्हा मागायला जीभ रेटत नाही. सात घरच्या सात चवी त्याला परिचित होतात, पण त्यांपैकी एकही त्याची नसते. वार लावून शिकलेली माणसे पुढे मोठी झाली तरी पानात अन्नाचा कण टाकीत नसत, असे आपण ऐकतो. ती सवय त्यांच्या स्वभावात नव्हती. ती त्या पाटावर बसून लागली होती.

याहून मोठी गोष्ट अशी की, ही दारे सर्वांना उघडी नव्हती. सोवळ्या-ओवळ्याच्या नियमांनी बांधलेल्या स्वयंपाकघरात ब्राह्मण मुलाला वार मिळे. कुणबी, माळी, धनगर, मुसलमान किंवा अस्पृश्य मानलेल्या मुलाला ओसरीवरही जागा नसे. शाळेचा दरवाजा कायद्याने उघडला होता, पण शहरात जेवणाचा दरवाजा बंद होता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बहुजन समाजातील मुले उच्च शिक्षणात का दिसत नव्हती, याचे उत्तर शोधताना आपण पाठ्यपुस्तके आणि फी यांचा विचार करतो. चुलीचा विचार फार थोड्यांनी केला. ज्यांनी केला त्यांत पहिले नाव कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचे.

कोल्हापूरची बोर्डिंगे

शाहू महाराजांना राज्यकारभारासाठी सर्व जातींतील शिकलेली माणसे हवी होती. राजाराम कॉलेज कोल्हापुरात होतेच. पण खेड्यातून आलेला मराठा, जैन किंवा लिंगायत मुलगा शहरात टिकत नव्हता. सर्वांसाठी म्हणून निघालेल्या वसतिगृहातही प्रत्यक्षात एकाच वर्गाची मुले राहत. महाराजांनी मर्म ओळखले आणि १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना झाली. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी, १९०७ साली वीरशैव लिंगायत विद्यार्थ्यांसाठी, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. आपल्या वाचकांना हे वाचून विशेष वाटेल की, १९१५ साली कोल्हापुरात भारतीय ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृह झाले. दोन दशकांत एवढी विद्यार्थी वसतिगृहे या एका शहरात उभी राहिली की कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणू लागले.

प्रत्येक जातीचे वेगळे वसतिगृह, म्हणजे प्रत्येक जातीची वेगळी चूल. यामुळे जातिभेद वाढेल, अशी टीका त्या वेळी झाली आणि नंतरही होत राहिली. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु त्या काळाच्या घडीचा विचार केला पाहिजे. एका पंगतीत बसवण्याचा हट्ट धरला असता तर पालकांनी मुलेच पाठविली नसती. महाराजांनी आधी मुलांना जेवू घातले. एका पंगतीचा प्रश्न पुढच्या पिढीवर सोपविला. स्वतः मात्र ते गंगाराम कांबळे या दलित गृहस्थाच्या उपाहारगृहात सर्वांदेखत चहा घेत. राजाची ती कृती कुठल्याही वटहुकुमापेक्षा बोलकी होती.

मुलींच्या बाबतीत हाच पेच याआधी पंडिता रमाबाईंपुढे उभा राहिला होता. मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. रमाबाई तोवर ख्रिस्ती झालेल्या होत्या. सदनात येणाऱ्या विधवा मुली मात्र बहुतेक ब्राह्मण घरांतल्या. त्यांना शिकवायचे तर त्यांच्या अन्नपाण्याचे नियम सांभाळणे भाग होते, आणि रमाबाईंनी ते सांभाळू दिले. मुली शाळेत याव्यात म्हणून आधी स्वयंपाकघराविषयी त्यांच्या घरच्यांचा विश्वास मिळवावा लागतो, हे त्या विदुषीने जाणले होते. पुढे धर्मप्रसाराचा वाद उठून १८९३ साली कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या, हा इतिहास सर्वज्ञात आहे. पण एका गोष्टीची नोंद व्हायला हवी: मराठी मुलींच्या वसतिगृह-शिक्षणाची सुरुवात फळ्याइतकीच चुलीपाशीही झाली.

एका पंगतीचे धाडस

शाहू महाराजांनी पुढच्या पिढीवर सोपविलेला प्रश्न ज्याने उचलला, तो कोल्हापूरच्याच एका वसतिगृहातून बाहेर घालविलेला विद्यार्थी होता. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे, जैन कुटुंबात. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत होते. १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंगाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करूनच भोजनगृहात ये, असे त्यांना बजावण्यात आले. त्यांनी स्नान करण्यास नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ज्या संस्थेने एका मुलाला ताट दिले, त्याच संस्थेने त्या ताटाला कुंपणही घातले होते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात त्यांचे वसतिगृह सुरू झाले. तेथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र कष्ट करीत आणि एका पंगतीत जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले.

हे धाडस कशावर उभे होते? देणग्यांवर, गावोगावच्या शेतकऱ्यांनी दिलेल्या धान्यावर, आणि एका गृहिणीच्या अंगावरील दागिन्यांवर. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. वसतिगृहातील मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांनी आपले सोने विकू दिले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० साली त्या निवर्तल्या. आपल्याकडे संस्थापकांचे पुतळे उभे राहतात. परंतु ज्या माउलीने परजातीच्या मुलांना पोटच्या पोरांसारखे वाढले, तिच्या हातची भाकरी ही त्या संस्थेची खरी कोनशिला आहे, असे आम्हांला वाटते.

या वसतिगृहाची आणखी एक गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. तेथील मुलगा उपकाराचे अन्न खात नव्हता. तो शेतात राबे, बांधकामावर दगड वाही, वसतिगृहाच्या कामांत आपला वाटा उचली. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा 'कमवा आणि शिका' हे तत्त्व महाविद्यालयातही आले. वाराच्या मुलाची मान खाली असे. या मुलाची ताठ होती. अन्न तेच, भाकरी आणि कालवण. पण एक घेतलेले आणि एक मिळविलेले.

एकट्याचे ताट

याच काळात काही विद्यार्थी सातासमुद्रापलीकडे गेले. तेथे ना वार होता, ना बोर्डिंगातील पंगत. त्यांच्या हकिगती वाचल्या म्हणजे एकाकी ताट माणसाला कसे छळते हे कळते.

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या. न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात त्या प्रथम राहिल्या तेव्हा त्यांना घर मिळाले, माया मिळाली. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना कडाक्याची थंडी, अपुऱ्या सोयी आणि शाकाहाराचा निर्धार यांत त्यांची प्रकृती ढासळत गेली. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, क्षयाने त्यांचे पुण्यात निधन झाले. क्षयाचे कारण केवळ आहार असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु पोटभर आणि सोयीचे अन्न त्या शरीराला मिळाले असते तर, हा विचार मनातून जात नाही.

गांधीजी १८८८ साली लंडनला गेले. मांस न खाण्याचे वचन त्यांनी आईला दिले होते. एका विधवा बाईंच्या कुटुंबात ते राहत तेव्हा वाढल्यापेक्षा आणखी मागायची त्यांना लाज वाटे आणि ते अर्धपोटी उठत. पुढे फॅरिंग्डन रस्त्यावर त्यांना शाकाहारी भोजनगृह सापडले आणि ते पोटभर जेवले. त्याहीपुढे त्यांनी एक खोली आणि एक स्टोव्ह घेतला, सकाळी ओटची पेज आणि रात्री कोको व पाव असा क्रम ठेवला, आणि दिवसाच्या जेवणाचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सवर आणला. माणूस तोच, शहर तेच, वचनही तेच. केवळ राहण्याची व्यवस्था तीनदा बदलली आणि आहार तीनदा बदलला. आमच्या म्हणण्याला याहून चांगला दाखला आम्हांला सापडला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यूयॉर्क येथे कोलंबिया विद्यापीठात शिकताना लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राच्या सहवासात दिवस काढले. ती मैत्री जन्मभर टिकली. पण १९२० नंतर लंडनला पुन्हा गेले तेव्हा घरमालकिणीच्या घरची तुटपुंजी न्याहारी, दिवसभर ग्रंथालय, आणि रात्री भूक अनावर झाली की पापड व कपभर दूध, असे त्यांनी दिवस काढल्याचे चरित्रकार सांगतात. ती भूक त्यांनी विसरू दिली नाही. १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. तेथे वर्गखोल्यांबरोबर वसतिगृहांचीही उभारणी झाली. मराठवाड्यातील दलित मुलाला शिक्षण द्यायचे तर आधी त्याच्या राहण्याजेवण्याची काळजी वाहिली पाहिजे, हे ज्याने लंडनमध्ये भूक सोसली त्याला कुणी सांगावे लागले नाही.

साने गुरुजींचेही असेच. विद्यार्थिदशेत त्यांनी पोटाची ओढाताण सोसली. पुढे १९२४ साली अंमळनेरच्या शाळेत ते शिक्षक झाले आणि छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली, तेव्हा मुलांवर त्यांनी आईसारखी माया केली. भुकेतून कटुता येते तशी करुणाही येते. ज्याची त्याची निवड.

आमची रिफेक्टरी

येथे थोडे आमच्याविषयी सांगण्याची वाचकांनी अनुमती द्यावी. आम्ही सेमिनरीत दाखल झालो तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होतो. तेथील भोजनगृहाला आम्ही रिफेक्टरी म्हणत असू. वसईची मुले भात आणि मासळीवर वाढलेली. नगरकडची मुले बाजरीच्या भाकरीवर. पहिल्या महिन्यात भात पाहिला की नगरची मुले म्हणत, "याने पोट भरत नाही." आणि सुक्या बोंबलाचा वास सुटला की नाकाला रुमाल लावीत. आम्ही वसईकर भाकरी चावून चावून दमत असू. वर्ष संपता संपता नगरची मुले बोंबलाचे काटे शिताफीने काढू लागली होती आणि सुट्टीत घरी गेल्यावर आम्ही आईपाशी ठेचा मागितला होता. कुणी आम्हांला उपदेश केला नव्हता. एका लांबलचक टेबलाने ते काम केले.

त्या रिफेक्टरीमागे दीड हजार वर्षांची परंपरा आहे, हे आम्हांला पुढे अभ्यासात कळले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात जेवणाविषयी स्वतंत्र प्रकरणे आहेत. स्वयंपाकघरातील सेवा प्रत्येकाने आठवड्याच्या पाळीने करावी. जेवताना एकाने वाचावे, इतरांनी ऐकावे. आणि शिजवलेले पदार्थ दोन असावेत. कारण एखाद्याला एक चालत नसेल तर त्याने दुसऱ्यावर भूक भागवावी. या शेवटच्या नियमात केवढा सुज्ञपणा आहे! समतेच्या नावाखाली कुणी उपाशी राहू नये, आणि आवडीच्या नावाखाली कुणी वेगळा बसू नये. साताऱ्याच्या वसतिगृहात भाऊरावांनी जे केले, त्याची या जुन्या नियमाशी कुठेतरी जातकुळी जुळते, असे आम्हांला वाटते. ताट एकत्र आणि काम वाटून, ही ती जातकुळी.

मेस, डबा आणि बंद खोली

स्वातंत्र्यानंतर महाविद्यालये वाढली, विद्यार्थी वाढले. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली आणि ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींच्या निवासाची सोय केली. पण मागणीच्या मानाने वसतिगृहे नेहमीच अपुरी पडली. मग आली मेस. खानावळीचेच हे धाकटे भावंड. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे, गैरहजेरीचे खाडे धरायचे, रविवारी दुपारी फीस्ट आणि रविवारी रात्री सुट्टी. पोळ्या मोजून, भाजी पातळ. मेसच्या जेवणाला नावे ठेवणे हा विद्यार्थ्यांचा जन्मसिद्ध हक्क. तरीही मेसमध्ये एक गोष्ट होती. चार मुले समोरासमोर बसत. एखादा दोन दिवस दिसला नाही तर मावशी विचारीत, "तो उंच मुलगा आजारी आहे का रे?"

घराचा डबा शहरात पोचविण्याची कला मुंबईने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जोपासली. वसई-विरारकडील आमच्या जुन्या पिढीतील मुले तर आईने पहाटे बांधून दिलेला डबा घेऊन लोकल गाडीने मुंबईच्या महाविद्यालयांत जात. गर्दीत चेंगरत का होईना, ती मुले रात्री घरच्या ताटावर परतत. परदेशांत झालेल्या पाहण्यांतही सामान्यतः असेच आढळले आहे की, घरी राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आहारात फळे आणि भाज्या अधिक असतात. घर सोडून स्वतंत्र राहू लागलेल्यांच्या आहारात त्या घटतात आणि न्याहारी चुकते. १९८३ साली आपल्या देशात दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवया आल्या आणि बंद खोलीतील विद्यार्थ्याला आधार मिळाला. आपण त्यांना नावे ठेवतो. पण ज्या खोलीत चूल नाही, फक्त विजेची किटली आहे, तेथे मुलाने दुसरे काय करावे?

गेल्या काही वर्षांत आणखी एक बदल झाला आहे, आणि आमच्या मते तो सर्वांत खोल आहे. ताटाऐवजी पैसे देण्याची रीत पडू लागली आहे. २०१८ साली राज्य शासनाने आदिवासी विद्यार्थ्यांच्या शहरी वसतिगृहांतील मेस बंद करून भोजनाची रक्कम थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करण्याचा निर्णय घेतला. त्या जुलै महिन्यात आदिवासी विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. त्यांची मागणी साधी होती: आम्हांला पैसे नकोत, मेस हवी. शासनाच्या बाजूनेही कारणे होती. ठेकेदारांच्या निकृष्ट अन्नाविषयी तक्रारी होत्याच आणि आपल्या आवडीचे खाण्याचे स्वातंत्र्य मुलांना मिळेल, असा युक्तिवाद होता. पण ती मुले रस्त्यावर का उतरली हे समजून घेतले पाहिजे. पैसा वेळेवर येतोच असे नाही. आला तर त्यातून पुस्तके घेतली जातात, घरी आजारी बापाला पाठविले जातात, आणि ताट रिकामे राहते. पैसा खात्यात एकट्याच्या नावावर पडतो. ताट मात्र पंगतीत मांडलेले असते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, मेस एका रात्रीत बंद झाल्या आणि कित्येक मुले शहरांतील खोल्यांत अडकून पडली, तेव्हा या व्यवस्थेचा ठिसूळपणा सर्वांनी पाहिला. आणि मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बोचरा आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये पंडुरोग आढळला. आमच्या गायकवृंदातील ती मुलगी अपवाद नव्हती. ती त्या सत्तावन्नांतील एक होती. फक्त ती आमच्या डोळ्यांदेखत पडली, म्हणून आम्हांला दिसली.

आता काय?

त्या प्रसंगानंतर धर्मग्रामाच्या सभेत बरीच चर्चा झाली. एका सद्गृहस्थांनी सुचविले की, सात कुटुंबांनी सात दिवस वाटून घ्यावेत. हेतू उदात्त होता; पण तो वारच होता. आम्ही ते त्या मुलीला सांगितले तेव्हा ती हळूच म्हणाली, "फादर, रोज नव्या घरी जाऊन जेवायला मला लाज वाटेल." तिने वाराचा इतिहास वाचला नव्हता. तरी शंभर वर्षांपूर्वीच्या त्या पोरक्या मुलांच्या मनातले ती बोलून गेली.

मग दुसऱ्या एका भगिनीने विचारले, "सभागृहामागच्या स्वयंपाकघराला वर्षातून किती वेळा कुलूप निघते?" उत्तर सर्वांना ठाऊक होते: सणाला आणि लग्नाला. ते कुलूप आता शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी निघते. आमच्या हद्दीत भाड्याने राहणारी अकरा मुलेमुली तेथे येतात. त्यांत सगळी ख्रिस्ती नाहीत. तांदूळ, डाळ आणि भाजी धर्मग्रामातील कुटुंबे आणून ठेवतात. स्वयंपाक मुले पाळीने करतात, भांडी पाळीने घासतात. मुलगेही भाकरी थापायला शिकत आहेत. त्यांच्या भाकरीचा नकाशा अजून कुठल्याही देशाशी जुळत नाही. अधूनमधून आम्हीही पंगतीला बसतो. दोन पदार्थ असतात, एक नाही चालला तर दुसरा. आठवड्यातील उरलेल्या पाच दिवसांचा प्रश्न यातून सुटलेला नाही, याची आम्हांला जाणीव आहे. पण आता एखादा आला नाही तर कुणीतरी विचारते.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची मुले आज पुण्यात, मुंबईत, नाशकात, बंगळुरूत शिकत आहेत. त्यांना पाठविताना आपण महाविद्यालयाचा दर्जा विचारला, फी विचारली, खोलीचे भाडे आणि अनामत विचारली. आता एकदा हेही विचारावे: तेथे चूल आहे का? रविवारी रात्री तू काय जेवतोस? तुझ्या ताटासमोर कोण बसते? आणि आपल्याच गल्लीत दुसऱ्या कुणाची लेक भाड्याने राहत असेल, तर तिलाही.

पुनरुत्थित प्रभू तिबिर्या सरोवराच्या काठी शिष्यांना भेटला, तेव्हा रात्रभर जाळी ओढून ती माणसे रिकाम्या हातांनी दमली होती. काठावर विस्तव पेटलेला होता, त्यावर मासळी होती आणि भाकर होती. पेत्राला त्याने तीन वेळा प्रश्न विचारले, पण ते न्याहारीनंतर. आधी त्याने त्यांना जेवायला बोलावले.